पेन ड्राईव्हची गती : घाई कोठे करावी, कोठे करू नये

लग्नसराईच्या दिवसांत नाशिक रोडच्या बाजारात एक दृश्य हल्ली नेहमीचे झाले आहे. गिऱ्हाईक काउंटरवर उभे असते. एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यातला मुलगा मोटारसायकल चालू ठेवून दारात थांबलेला असतो. आणि दुकानदार संगणकाच्या पडद्याकडे टक लावून बसलेला असतो. डिझाईनच्या फाईली पेन ड्राईव्हमध्ये चाललेल्या असतात आणि पडद्यावर 'चौदा मिनिटे बाकी' असे लिहून येते. थोड्या वेळाने त्या चौदाची वीस होतात. गिऱ्हाईक घड्याळ पाहते, मुलगा हॉर्न वाजवतो आणि दुकानदार पेन ड्राईव्ह उपसून त्याच्या हातात देतो. पुढे काय होते ते पुष्कळांनी अनुभवले असेल. तासाभराने कारखान्यातून फोन येतो, "चाचा, फाईल उघडतच नाही."

आमचा धंदा कापडाचा. शिक्षण उर्दू माध्यमातून झाले आणि शाळेत असेपर्यंत आम्ही संगणक डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. जे काही शिकलो ते गादीवर बसून, मुलांना विचारून आणि नुकसान सोसून. तेव्हा या लेखात इंजिनिअरची भाषा सापडणार नाही. परंतु यूएसबीची गती कशी वाढवावी, आणि ती वाढवण्याच्या नादात काय गमवू नये, याबाबत जो तजुर्बा आला तो व्यापारी व कारागीर बांधवांच्या उपयोगी पडावा म्हणून हा मजकूर लिहीत आहोत.

यूएसबी आली कोठून?

पूर्वी संगणकाच्या मागे प्रत्येक यंत्रासाठी वेगळे भोक असे. प्रिंटरचे वेगळे, कीबोर्डचे वेगळे, माऊसचे वेगळे. ही कटकट मिटवण्यासाठी इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, कॉम्पॅक आदी सात कंपन्या एकत्र आल्या आणि जानेवारी 1996 मध्ये यूएसबीचा पहिला नियमपट जाहीर झाला. या कामात इंटेलमधील अजय भट्ट यांचा मोठा वाटा होता. ते आपल्या शेजारच्या बडोद्याचे, तेथील महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. 2013 साली त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना युरोपियन इन्व्हेंटर पुरस्कार मिळाला.

पहिल्या यूएसबीची कमाल गती सेकंदाला 12 मेगाबिट होती. 2000 साली यूएसबी 2.0 आली, ती 480 मेगाबिटची. 2008 साली 3.0 आली, ती 5 गिगाबिटची, म्हणजे आधीच्या दसपटीहून जास्त. पुढे 2013 मध्ये 10, 2017 मध्ये 20 आणि 2019 मध्ये 40 गिगाबिटपर्यंत मजल गेली. पेन ड्राईव्हही 2000 सालीच बाजारात आले. तेव्हाचा पेन ड्राईव्ह 8 मेगाबाइटचा असे. आज मोबाईलने काढलेले दोन-तीन फोटोही त्यात कसेबसे मावतील.

बिट आणि बाइट : वार आणि मीटर

येथे व्यापाऱ्याची पहिली फसगत होते. खोक्यावर जी गती लिहिलेली असते ती 'बिट'मध्ये असते, आणि आपल्या फाईलचे माप 'बाइट'मध्ये असते. आठ बिटांचा एक बाइट होतो. कापडवाल्यास वार आणि मीटर यांतला फरक सांगावा लागत नाही. ताका वारात विकत घेऊन मीटरच्या हिशेबाने विकायला बसलो तर गणित चुकणारच. तसेच हे. 480 मेगाबिट म्हणजे 60 मेगाबाइट, आणि वाटेतला खर्च वजा जाता यूएसबी 2.0 वर प्रत्यक्षात सेकंदाला 30 ते 40 मेगाबाइटच पदरात पडतात.

मापाची दुसरी गोष्टही ध्यानात घ्यावी. 64 गिगाबाइटचा पेन ड्राईव्ह विंडोजमध्ये लावला की 59.6 च दिसतो. ही चोरी नव्हे. कंपनी हजाराच्या हिशेबाने मोजते आणि विंडोज 1024 च्या हिशेबाने मोजते, एवढाच फरक आहे. परंतु अगदी थोड्या पैशांत एक-दोन टेराबाइटचा म्हणून जो पेन ड्राईव्ह फुटपाथवर मिळतो, तेथे मात्र खरी चोरी असू शकते. असा ड्राईव्ह पडद्यावर मोठे माप दाखवतो, पण खरी जागा संपली की पुढच्या फाईली हरवतात. नवा ड्राईव्ह घेतला की एकदा पूर्ण भरून, त्यातल्या फाईली परत उघडून पाहाव्यात. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचे फुकट मिळणारे साधन हेच काम आपोआप करते.

गाडी घाटात अडते

आपल्या नाशिक रोडला मुंबईहून जो माल येतो त्याची गाडी कसाऱ्यापर्यंत धावत येते. तेथून इगतपुरीपर्यंत घाट आहे. बहुतेक गाड्यांना तो चढताना मागून जादा इंजिने लावावी लागतात आणि गती कमी होते. इगतपुरीपासून नाशिक रोडपर्यंत रूळ कितीही चांगले केले तरी घाटात गेलेला वेळ त्याने वाचणार नाही.

पेन ड्राईव्हचेही तसेच आहे. फाईल संगणकाच्या डिस्कमधून निघते, विंडोजच्या हातून जाते, पोर्टमधून व केबलमधून पुढे सरकते आणि शेवटी पेन ड्राईव्हच्या चिपवर लिहिली जाते. या साखळीत जो भाग सर्वांत संथ असेल तीच साऱ्या प्रवासाची गती. म्हणून 'विंडोजमध्ये काय बदलू?' हा प्रश्न पहिला नव्हे. 'माझा घाट कोठे आहे?' हा पहिला प्रश्न.

तो शोधण्यास आधी मोजावे. एकच मोठी फाईल, समजा एक गिगाबाइटचा व्हिडिओ, पेन ड्राईव्हवर टाकावा. कॉपीच्या खिडकीत 'मोअर डिटेल्स'वर क्लिक केले की सेकंदाला किती मेगाबाइट जात आहेत ते आलेखासह दिसते. हा आकडा वहीत लिहून ठेवावा. मोजल्याशिवाय केलेली सुधारणा म्हणजे फूटपट्टीशिवाय फाडलेले कापड.

आधी पोर्ट आणि केबल पाहावी

यूएसबी 3.0 चे पोर्ट बहुधा आतून निळे असते किंवा त्याजवळ 'एसएस' ही अक्षरे असतात. सर्वच कंपन्या रंगाचा नियम पाळत नाहीत, म्हणून शंका असल्यास संगणकाचे माहितीपत्रक पाहावे. काळ्या पोर्टात लावलेला 3.0 चा ड्राईव्ह 2.0 च्याच गतीने चालतो. कधीकधी विंडोज स्वतःच सांगते की हे यंत्र दुसऱ्या पोर्टात जास्त वेगाने चालेल. ती सूचना आपण न वाचता बंद करतो.

2.0 च्या प्लगमध्ये चार संपर्कपट्ट्या असतात, 3.0 मध्ये त्यांत पाच वाढून नऊ होतात. प्लग अर्धवट बसला, किंवा आत कापडाची धूळ-रुई साचली, तर जुन्या चार जुळतात आणि नव्या पाच जुळत नाहीत. ड्राईव्ह चालतो, पण संथ चालतो. आमच्या धंद्यात रुई सर्वत्र उडते, तेव्हा हे कारण आपल्याकडे फार संभवते. संगणक बंद करून पोर्ट कोरड्या ब्रशने साफ करावे आणि प्लग नीट आतपर्यंत बसवावा.

एका पोर्टाला हब लावून त्यावर प्रिंटर, बारकोडचे यंत्र, पेन ड्राईव्ह आणि हार्ड डिस्क असा सारा संसार जोडण्याची सवयही सोडावी. हबच्या वाटेची गती त्या सर्वांत वाटली जाते. मोठे काम असेल तेव्हा ड्राईव्ह थेट संगणकाच्या मागच्या पोर्टात लावावा.

संगणक जुना असेल तर आणखी एक मुद्दा. 2009 साली आलेल्या विंडोज 7 मध्ये यूएसबी 3.0 चा चालक, म्हणजे ड्रायव्हर, मुळात नव्हताच. तो मदरबोर्डच्या कंपनीकडून घेऊन बसवावा लागे. 2012 च्या विंडोज 8 पासून तो आतच येऊ लागला. त्याच विंडोज 8 मध्ये 'यूएएस' नावाची नवी पद्धतही आली. जुन्या पद्धतीत संगणक एक हुकूम देई, तो पुरा होईपर्यंत थांबे आणि मग दुसरा देई. नव्या पद्धतीत अनेक हुकूम एकदम देता येतात. बाहेरून लावायच्या चांगल्या एसएसडी डिस्कला याचा मोठा लाभ होतो. साध्या पेन ड्राईव्हला बहुधा होत नाही. विंडोज 7 ची देखभाल मायक्रोसॉफ्टने जानेवारी 2020 मध्ये आणि विंडोज 10 ची 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबवली, हेही जुन्या संगणकावर हिशेब ठेवणाऱ्यांनी विसरू नये.

बारीक फाईली : कटपीसचा हिशेब

एक पूर्ण ताका विकला तर एक बिल फाडावे लागते. तेच कापड शंभर गिऱ्हाइकांना कटपीसमध्ये विकले तर शंभर वेळा मापा, शंभर वेळा कापा आणि शंभर बिले फाडा. कापड तेवढेच, वेळ मात्र कित्येक पट.

साड्यांच्या कॅटलॉगचे तीन हजार फोटो पाठवताना नेमके हेच घडते. प्रत्येक फाईलमागे विंडोजला पेन ड्राईव्हच्या सूचीत नाव, माप, वेळ लिहावी लागते आणि जागा राखून घ्यावी लागते. शिवाय पेन ड्राईव्हच्या चिपमध्ये जुना मजकूर थोडा थोडा पुसता येत नाही, मोठा ठोकळाच्या ठोकळा पुसावा लागतो. त्यामुळे बारीक फाईल लिहिताना त्याला दुप्पट-तिप्पट खटाटोप पडतो.

उपाय सोपा आहे. सर्व फोटो एका झिप फाईलमध्ये बांधावेत. त्यासाठी फोल्डरवर उजवी क्लिक करून झिप करण्याचा पर्याय निवडावा. फोटो आधीच दाबलेले असतात, त्यामुळे झिप केल्याने माप फारसे घटणार नाही. पण तीन हजार कटपीसचा एक ताका होतो आणि वेळ वाचतो. आमच्याकडे सर्वांत मोठा फरक पडला तो या एका सवयीने, आणि त्याला एक पैसाही लागला नाही. तसेच एकाच ड्राईव्हवर दोन-दोन कॉपी एकदम चालू करू नयेत. एक संपल्यावर दुसरी लावावी.

छापील कापडाचे काम करणाऱ्यांचा प्रश्न याच्या उलट आहे. त्यांच्या फाईली थोड्या पण अवाढव्य असतात. एक चौरस मीटर डिझाईन इंचाला 150 ठिपके या हिशेबाने, चार रंगांत आणि न दाबता ठेवले तर सुमारे 140 मेगाबाइट होते. साडेपाच मीटर लांब आणि 1.1 मीटर रुंद साडीचे डिझाईन म्हणजे साधारण 845 मेगाबाइट. सेकंदाला 10 मेगाबाइट लिहिणाऱ्या ड्राईव्हला एका साडीस दीड मिनिट लागेल, 100 लिहिणाऱ्यास आठ-नऊ सेकंद. अशा बांधवांनी पेन ड्राईव्हचा नाद सोडून छोटी एसएसडी घ्यावी हे बरे. एम्ब्रॉयडरीच्या डीएसटी फाईली मात्र इतक्या लहान असतात की तेथे गतीचा प्रश्नच नाही. तेथे प्रश्न आहे तो फाईल पूर्ण पोचण्याचा.

फॉरमॅट कोणता ठेवावा?

फॅट-32 हा जुना प्रकार जवळजवळ सर्व यंत्रे ओळखतात, पण त्यात 4 गिगाबाइटहून मोठी फाईल बसत नाही. एक्सफॅटला ती अडचण नाही. एनटीएफएस हा विंडोजचा आपला प्रकार. त्यात चाललेल्या कामाची नोंदवही ठेवलेली असते, त्यामुळे मध्येच वीज गेली तर सूची सावरण्याची शक्यता अधिक असते. आमचा परिपाठ असा : एम्ब्रॉयडरी मशीनसाठीचा ड्राईव्ह फॅट-32, कारण जुनी मशीने बहुधा तोच वाचतात, मोठ्या फाईलींसाठी एक्सफॅट, आणि फक्त विंडोजवर लागणारी हिशेबाची डिस्क एनटीएफएस. फॉरमॅट केल्याने आतले सारे पुसले जाते, म्हणून आधी सर्व उतरवून घ्यावे.

विंडोजमधला तो बदल, आणि त्याची किंमत

आता ज्या बदलाविषयी सर्वजण विचारतात त्याकडे येऊ. स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडावा. त्यात डिस्क ड्राइव्जखाली आपला ड्राईव्ह निवडून प्रॉपर्टीज आणि मग पॉलिसीज पाहावे. तेथे दोन पर्याय दिसतात. पहिला 'क्विक रिमूव्हल', दुसरा 'बेटर परफॉर्मन्स'.

पहिल्यात विंडोज जे लिहायचे ते लगेच ड्राईव्हवर लिहिते. दुसऱ्यात ते माल आधी स्वतःच्या गोदामात, म्हणजे संगणकाच्या मेमरीत, उतरवून घेते, तुम्हाला 'काम झाले' असे सांगते आणि मग सवडीने ड्राईव्हवर पोचवते. त्यामुळे काम वेगाने झाल्यासारखे दिसते, आणि लहान लिखाणे एकत्र करता आल्याने काही वेळा खरोखर वेगाने होतेही. विंडोज 10 च्या 1809 या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने क्विक रिमूव्हल हाच मूळ पर्याय ठेवला आहे. बदल केला तर तो त्या ड्राईव्हपुरता आणि त्याच पोर्टापुरता टिकतो. पोर्ट बदलले की पुन्हा पाहावे लागते.

बेटर परफॉर्मन्सची किंमत एकच : ड्राईव्ह काढण्यापूर्वी प्रत्येक वेळी, न चुकता, घड्याळाजवळच्या चिन्हावर जाऊन 'सेफली रिमूव्ह' किंवा 'इजेक्ट' करावे लागते. त्याच जागी 'राइट-कॅश बफर फ्लशिंग' बंद करण्याचा आणखी एक चौकोन दिसतो. त्याला हात लावू नये. वीज गेली तरी यंत्र चालू राहील अशी सोय असणाऱ्यांसाठी तो आहे.

आमच्या दुकानातला प्रकार

ही किंमत आम्ही भरली नाही आणि मग दुसरीकडून भरली. 2019 च्या मार्चमध्ये हिशेबाची बॅकअप संथ होते म्हणून आम्ही कोणाच्या तरी सांगण्यावरून वरील बदल केला. बॅकअप झटक्यात होऊ लागली. दर शनिवारी दुकान बंद करताना पडद्यावरची पट्टी संपली की पेन ड्राईव्ह काढायचा आणि खिशात टाकायचा. इजेक्ट करण्याचे आम्हाला ठाऊक होते, पण घरी जाण्याची घाई असे. शिवाय ड्राईव्ह एकच, आणि नवी बॅकअप जुन्यावरच लिहिलेली.

जूनमध्ये संगणकाची हार्ड डिस्क गेली. मनात म्हटले, काळजी नाही, बॅकअप आहे. पेन ड्राईव्ह दुसऱ्या संगणकात लावला. फाईलचे नाव दिसले, मापही ठीक दिसले, पण फाईल उघडेना. सूचीत नाव चढले होते आणि आतला माल गोदामातच राहिला होता. पावणेतीनशे खाती त्यात होती.

गिऱ्हाइकांकडची उधारी बुडाली असती तर नुकसान आमचे एकट्याचे होते. पण त्याच खतावणीत कारागिरांची मजुरीही होती. कोणाचे किती नग झाले, कोणाला किती उचल दिली, कोणाचे किती देणे राहिले, हे सारे तेथेच. दोन महिने आम्ही जुन्या चिठ्ठ्या, घाऊक व्यापाऱ्यांचे उतारे आणि बँकेची पाने जुळवीत बसलो. एका शिंप्याने स्वतः येऊन सांगितले, "भाईजान, माझ्याकडे तुमचे चौसष्टशे रुपये आहेत." ते आम्हाला आठवतही नव्हते. कारागिरांपैकी ज्यांनी स्वतःच्या वहीत लिहून ठेवले होते त्यांची वही आम्ही प्रमाण मानली. ज्यांनी लिहिले नव्हते त्यांचा शब्द मानला. तरीही दोघांच्या बाबतीत नेमका आकडा आजवर ठरला नाही. आम्ही दिलेली रक्कम त्यांच्या हक्कापेक्षा कमी तर नव्हती ना, हा विचार मनातून जात नाही.

उर्दूत आपण ज्याला अमानत म्हणतो ती केवळ तिजोरीतील रोकड नव्हे. दुसऱ्याच्या घामाचा हिशेब आपल्या संगणकात असतो, तीही अमानतच. शनिवारी संध्याकाळी वाचवलेली तीन मिनिटे आम्हाला दोन महिन्यांना पडली.

लिनक्सवाल्यांनी विशेष जपावे

जुन्या संगणकावर उबुंटूसारखी लिनक्स प्रणाली चालवणारे बांधवही आहेत. तेथे हा गोदामाचा व्यवहार मुळातच मोठ्या प्रमाणावर चालतो. नेहमीच्या मांडणीत मोकळ्या मेमरीच्या 20 टक्क्यांपर्यंत न लिहिलेला माल साठू दिला जातो. 16 गिगाबाइट मेमरीच्या संगणकात हा आकडा तीन गिगाबाइटच्या आसपास जातो. पेन ड्राईव्ह सेकंदाला 10 मेगाबाइट लिहीत असेल तर पट्टी संपल्यानंतरही पाच मिनिटे लिखाण चालू असू शकते. 2013 साली लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स व त्यांच्या सहकाऱ्यांत या दोषावर बराच खल झाला होता. उपाय दोन. एक, कॉपीनंतर टर्मिनलमध्ये 'सिंक' हा हुकूम द्यावा आणि तो पुरा होईपर्यंत थांबावे, मग इजेक्ट करावे. दोन, जाणकाराकडून 'डर्टी बाइट्स' व 'डर्टी बॅकग्राउंड बाइट्स' ही मर्यादा काही शे मेगाबाइटच्या आत बांधून घ्यावी. त्याने ड्राईव्हची मूळ गती वाढत नाही, पण पट्टी खरे बोलू लागते.

मोबाईलची केबल आणि नव्या ड्राईव्हची खरेदी

दुकानातले बहुतेक फोटो आता मोबाईलवर निघतात. मोबाईलसोबत येणारी टाइप-सी केबल पुष्कळदा चार्जिंगसाठी केलेली असते आणि डेटा 2.0 च्याच गतीने नेते. प्लगचा आकार नवा म्हणजे गती नवी, असा हिशेब करू नये. खुद्द मोबाईलही तसाच असू शकतो. 2023 साली आलेल्या महागड्या आयफोन 15 चे टाइप-सी पोर्ट 2.0 च्या गतीचे आहे आणि 15 प्रो चे 10 गिगाबिटचे. खरेदीपूर्वी पोर्टाची आवृत्ती विचारावी.

पेन ड्राईव्ह घेताना खोक्यावरची 'वाचण्याची' गती पाहून भुलू नये. आपल्याला 'लिहिण्याची' गती हवी. वाचताना सेकंदाला शंभर मेगाबाइट देणारा स्वस्त ड्राईव्ह लिहिताना दहा-पंधरावर येतो. नावांचाही घोळ आहे. 3.0 चेच नाव पुढे '3.1 जेन 1' आणि नंतर '3.2 जेन 1' झाले, गती तीच 5 गिगाबिट. म्हणून आकड्यापेक्षा गिगाबिट विचारावेत. सुरुवातीस जोरात चाललेली कॉपी मध्येच मंदावली तर घाबरू नये. ड्राईव्हमधला जलद कप्पा भरला किंवा चिप तापली की असे होते. ड्राईव्ह काठोकाठ भरू नये, थोडी जागा मोकळी ठेवावी.

थोडक्यात क्रम

1. आधी मोजा आणि आकडा लिहून ठेवा.
2. पोर्ट बदलून पाहा, साफ करा, हब काढा.
3. केबल बदला. मग दुसरा ड्राईव्ह लावून पाहा.
4. बारीक फाईली झिप करून पाठवा.
5. फॉरमॅट कामाप्रमाणे निवडा.
6. एवढे करूनही गरज उरली तरच विंडोजची पॉलिसी बदला, आणि बदललीत तर इजेक्टचा नियम मोडू नका.
7. अँटीव्हायरस गती खातो म्हणून बंद करू नका. दहा दुकाने फिरून आलेला पेन ड्राईव्ह दहा दुकानांचे रोग घेऊन येतो.
8. बॅकअप दोन वेगळ्या ड्राईव्हवर आळीपाळीने घ्या, एक दुकानाबाहेर ठेवा. बॅकअप झाल्यावर ड्राईव्ह काढून, परत लावून फाईल उघडून पाहा. न उघडलेली बॅकअप ही बॅकअप नव्हे.

यांतले पहिले पाच उपाय निर्धोक आहेत आणि बहुतेक दुकानांचा प्रश्न तेथेच सुटतो. सहाव्यापर्यंत जाण्याची पाळी क्वचितच येते. आमच्या दुकानात आज पॉलिसी पुन्हा क्विक रिमूव्हलवर आहे, फोटो झिप होऊन जातात, आणि शनिवारी गल्ला मोजून होईपर्यंत बॅकअपची फाईल परत उघडून पाहिली जाते. इजेक्टही आम्ही दर वेळी करतोच. दारात मोटारसायकलचा हॉर्न वाजला तर मुलगा आत येऊन बसतो, चहा घेतो. डिझाईन पूर्ण घेऊनच जातो.